कमरपट्टीवरची नाममुद्रा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



आज बोलायचे आहे ते एका चिंधीबद्दल. सदऱ्याच्या कॉलरमागे किंवा पॅन्टच्या कमरपट्टीत दोन बोटे रुंदीची एक पट्टी शिवलेली असते. तिला आपण लेबल म्हणतो. ती काढून टाकली तर कपडा उसवत नाही, की थंडी जास्त वाजत नाही. उलट मानेला टोचते म्हणून कितीतरी घरांत ती कात्रीने कापून टाकतात. तरीही दुकानात कपडा हातात घेतला की आपली बोटे आधी तिथेच जातात. कापड तेच, शिलाई तीच, पण त्या चिंधीवरच्या चार अक्षरांनी किंमत कुठल्या कुठे जाते. बाजाराच्या भाषेत याला ब्रँड म्हणतात. मी कवी माणूस. मला त्यात व्यापारापेक्षा नावाची गोष्ट अधिक दिसते.

मी राहतो बदलापूर गावात. स्टेशनाभोवती इमारतींचे जे शहर उभे राहिले आहे ते नव्हे. त्याच्या पलीकडचे, उल्हास नदीच्या बाजूचे जुने गाव. इथून मुंबईच्या दिशेने लोकल पकडली की पहिले अंबरनाथ आणि दुसरे उल्हासनगर. या दोन स्टेशनांच्या अंतरात, सकाळच्या गर्दीत, जीन्सचे गठ्ठे डोक्यावर घेऊन चढणारी माणसे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. उल्हासनगरची, विशेषतः कॅम्प पाचमधली जीन्स देशभर जाते. पण तुमच्यापैकी कोणी कधी 'मी उल्हासनगरची जीन्स घातली आहे' असे अभिमानाने सांगितले आहे का? घातली असेल बहुतेकांनी. सांगितले नसेल कोणीच.

असे का व्हावे? त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या, लाखाच्या घरातल्या निर्वासितांना त्या छावणीत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या शहराची कोनशिला बसली आणि 'कल्याण कॅम्प'चे उल्हासनगर झाले. बराकींचे क्रमांक मात्र राहिले. आजही तिथला पत्ता कॅम्प एक ते कॅम्प पाच असाच सांगतात. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांनी पापडापासून सुरुवात केली आणि पाहता पाहता वाटेल ती वस्तू बनवून दाखवली. पुढे त्या वस्तूंवर 'मेड इन यूएसए' असे छापले जाते, असा बोलबाला झाला. 'यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकला आहे आणि ऐकून हसलोही आहोत.

त्या विनोदात हसण्यासारखे आहे, तसे थोडे थांबून पाहण्यासारखेही आहे. तो काळ आयातबंदीचा. परदेशी वस्तूचे नुसते नाव काढले तरी आपले डोळे चमकत. 'फॉरेनचे आहे' हे चार लोकांत सांगायला मिळावे म्हणून आपण जास्त पैसे मोजत होतो. विकणारा खोटे नाव लावत होता हे खरे, पण खऱ्या नावाला गिऱ्हाईक नव्हते हेही तितकेच खरे. ज्या माणसाला वस्तू बनवता येत होती त्याला स्वतःचे नाव लावण्याची सोय नव्हती. घर गेलेला माणूस नवे घर बांधू शकतो. पण त्या घराच्या दारावर पाटी लावायला शेजाऱ्यांची संमती लागते.

हे सगळे आठवण्याचे कारण माझ्या चुलत बहिणीचा मुलगा. वय तिशीच्या आतबाहेर. बारा वर्षे त्याने उल्हासनगरच्या गाळ्यांत जीन्स शिवण्याचे काम केले. तिथे सगळे नगावर चालते. कटिंग मास्टर एका वेळी थप्पीच्या थप्पी कापून देतो. मग कोणी नुसते खिसे लावतो, कोणी चेन बसवतो, कोणी ओव्हरलॉक मारतो. काज-बटण वेगळे, धुलाई वेगळी. बायका घरी बसून लोंबणारे धागे कापतात. सगळ्यांत शेवटी येते लेबल. ते रिळावर गुंडाळून येते. एकाच थप्पीतल्या जीन्सना तीन व्यापाऱ्यांसाठी तीन वेगवेगळी नावे लागलेली त्याने पाहिली आहेत. त्याच्या स्वतःच्या नावाचे अक्षर मात्र बारा वर्षांत कशावरही उमटले नाही.

गेल्या वर्षी त्याने दोन मशिनी घेतल्या. गावातल्या घराच्या पुढच्या खोलीत मांडल्या. आईने बांगड्या मोडून दिल्या होत्या. मग एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला.

"मामू, तुम्ही शायर आहात. एक झकास इंग्रजी नाव द्या. अमेरिकेचं वाटलं पाहिजे."

"का रे? तू अमेरिकेला कधी गेलास?"

"मी नाही गेलो, पण नाव गेलेलं चांगलं असतं. माझं नाव लावून कोण घेणार?"

हे शेवटचे वाक्य तो हसत बोलला. मला हसू आले नाही. कारण चाळीसेक वर्षांपूर्वी मी कविता छापायला पाठवू लागलो तेव्हा एका संपादकांनी मला प्रेमाने सुचवले होते की कविता छान आहेत, पण टोपणनाव घ्या, मराठी वाटेल असे. मी म्हटले, माझे नाव ज्या घरात ठेवले गेले त्या घरात मराठीच बोलतात, मग ते मराठी वाटायला आणखी काय करावे लागेल? त्या कविता त्यांनी छापल्या नाहीत. दुसरीकडे छापून आल्या, त्याच नावाने.

म्हणून मी भाच्याला नाव देण्याऐवजी चहा दिला आणि एका शिंप्याची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगतो.

अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. मूळचा रिगाचा, म्हणजे तोही परक्या मुलखातून आलेला. मजुरांच्या पॅन्टचे खिसे सारखे फाटतात ही तक्रार त्याच्याकडे यायची. त्याने खिशाच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या रिव्हेट ठोकल्या. खिसे फाटायचे थांबले, मागणी वाढली. या युक्तीचे पेटंट घ्यावे तर फी भरायला पैसे नव्हते. म्हणून त्याने सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या कापडाच्या व्यापाऱ्याला पत्र लिहिले. त्या व्यापाऱ्याचे नाव लिव्हाय स्ट्रॉस. २० मे १८७३ रोजी दोघांना मिळून पेटंट मिळाले आणि आज आपण जिला जीन्स म्हणतो ती जन्माला आली.

पुढचा भाग महत्त्वाचा आहे. पेटंट ठरावीक मुदतीचे असते. मुदत संपली की रिव्हेट कोणीही ठोकू शकणार होते. त्याआधीच, १८८६ साली, कंपनीने कमरेवर चामड्याची एक पट्टी लावायला सुरुवात केली. तिच्यावर चित्र होते ते असे : दोन घोडे एकच पॅन्ट विरुद्ध दिशांना ओढत आहेत आणि ती फाटत नाही. ज्या खाणकामगाराला वाचता येत नव्हते, ज्याला इंग्रजी येत नव्हते, तो दुकानात येऊन दोन घोड्यांची पॅन्ट मागायचा. कित्येक वर्षे तो माल 'टू हॉर्स ब्रँड' म्हणूनच ओळखला जाई. १९३६ साली मागच्या खिशाला छोटी लाल पट्टी आली, ती लांबून ओळखू यावी म्हणून.

यात दोन धडे आहेत. पहिला असा की आधी खिसा फाटायचा थांबला, मग घोडे आले. चित्राने जे सांगितले ते मालाने आधीच करून दाखवले होते. दुसरा धडा जरा कडू आहे. लिव्हाय हे नाव जगाला माहीत आहे. ज्या शिंप्याच्या डोक्यातून ती रिव्हेट निघाली त्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे? फीचे पैसे नव्हते म्हणून तो भागीदार झाला, पण कमरपट्टीवर त्याचे नाव चढले नाही.

न वाचणाऱ्या गिऱ्हाइकासाठी चित्र, ही युक्ती आपल्याकडेही जुनीच. विलायतेतल्या गिरण्या हिंदुस्थानात कापड पाठवीत तेव्हा ताग्यांवर रंगीत कागदी टिके चिकटवीत. कुठे लक्ष्मी, कुठे कृष्ण, कुठे हत्ती. पुढे मुंबईच्या गिरण्यांनीही तेच केले. खेड्यातल्या बाजारात बाई 'हत्तीछाप' मागायची आणि हत्ती ओळखूनच घ्यायची. जुन्या घरांत असे टिके चौकटीत बसवलेलेही सापडतात.

आणि नाव लावणे म्हणजे काय, हे तर मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले. त्याला शब्दही किती नेमका आहे : नाममुद्रा. गझल लिहिणारा शेवटच्या शेरात आपला तखल्लुस आणतो, तेही तेच. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी, 'योगसंग्राम'कर्त्यांनी, मराठीत लिहिले आणि खाली आपले नाव ठेवले, जसे होते तसे. मला तरुणपणी त्या नावाचा फार आधार वाटला. नाममुद्रा ही नुसती सजावट नसते. वर जे सांगितले त्याची जबाबदारी माझी, असे ते वचन असते.

नक्कल करणारेही तेव्हापासूनच आहेत. सालोमालो नावाचा एक जण तुकोबांचे अभंग उचलून त्यात आपले नाव घाली, अशी कथा परंपरेत सांगतात. उलट, दुसऱ्या कोणी रचलेले आणि तुकोबांच्या नावावर खपलेले अभंगही आहेत. ते वेगळे काढता काढता अभ्यासक थकले. म्हणजे दुसऱ्याच्या मालावर आपले लेबल, आणि आपल्या मालावर दुसऱ्याचे लेबल, हे दोन्ही धंदे सतराव्या शतकात कवितेतही चालू होते. पण निवाडा काय झाला? सालोमालोची आठवण आज फक्त चोरीपुरती उरली आहे.

भाच्याने हे सगळे ऐकून घेतले. मग त्याने त्याच्या उपयोगाचा प्रश्न विचारला, "ते ठीक आहे मामू, पण करायचं काय?"

काय करायचे ते आम्ही दोघांनी मिळून शोधले. इतर तरुणांनाही उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगतो.

नाव असे हवे की आपले गिऱ्हाईक ते एका दमात म्हणू शकेल. इंग्रजीत झोकदार दिसणारे आणि दुकानात उच्चारताना लाज वाटणारे नाव कामाचे नाही. 'उत्तम जीन्स' असे मालाचे वर्णनच नाव म्हणून घेतले तर कायदा सहसा त्याची नोंदणी करत नाही, कारण उत्तम हा शब्द सगळ्यांचा आहे. गाजलेल्या नावातले एक अक्षर फिरवून घेतलेले नाव म्हणजे तर उघड आमंत्रण. बनावट व्यापारचिन्ह लावण्याला १९९९ च्या कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. हा कायदा २००३ च्या सप्टेंबरपासून लागू आहे.

स्वतःच्या नावाची नोंदणी वाटते तितकी अवघड नाही. मुंबईत अँटॉप हिलला व्यापारचिन्हांचे कार्यालय आहे, पण अर्ज घरबसल्या संगणकावरूनही करता येतो. कपड्यांचा वर्ग पंचविसावा. एकट्या माणसाला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये आहे. तपासणी झाली की नाव सरकारी जर्नलमध्ये छापले जाते. चार महिन्यांत कोणी हरकत घेतली नाही, तर नोंदणी होते. ती दहा वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येते. तोवर नावापुढे 'टीएम' लिहिता येते. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. जेकब डेव्हिसला जी फी परवडली नव्हती ती आज दोन मशिनींच्या मालकाला परवडू शकते, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

नावानंतर चित्र. भाचा म्हणाला, "घोडा घेऊ या का? आपल्या गावाचंच चिन्ह." कारण बदलापूर हे नाव इथे घोडे बदलत म्हणून पडले, असे आमच्याकडे सांगतात, शिवाजी महाराजांच्या फौजा सुरतेच्या वाटेवर इथे घोडे बदलीत, अशी ती कथा. कल्पना सुंदर होती, पण कपड्यांच्या दुनियेत घोड्यांची आधीच इतकी गर्दी आहे की आमचा घोडा त्यात हरवला असता.

मग वचन. ते लेबलावर छापायचे नसते, पाळायचे असते. बत्तीस लिहिले तर कंबर बत्तीसच भरली पाहिजे, आजच्या थप्पीत आणि सहा महिन्यांनंतरच्या थप्पीतही. पहिल्या धुण्यात किती आटते, रंग किती जातो, हे गिऱ्हाइकाच्या बादलीत कळण्याआधी आपल्या बादलीत कळले पाहिजे. भाच्याने ठरवले की शिलाई उसवली तर वर्षभर फुकट शिवून द्यायची. त्याची आई म्हणाली, "सगळे घेऊन आले तर?" तो म्हणाला, "सगळे आले तर माझी शिलाईच खोटी, मग नाव कशाला लावू?" त्या दिवशी मला वाटले की आता याला नाव द्यायला हरकत नाही.

श्रोतेहो, एक गोष्ट राहिली, आणि ती सगळ्यांत अवघड आहे. पाण्याची. जीन्सला जुनाट, फिकी छटा येते ती धुलाईत. तिच्यात रसायने लागतात आणि पाणी अमाप लागते. अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी नदी अंबरनाथच्या हजार वर्षांच्या शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरात येते. तिच्यात ते रंगीत पाणी वर्षानुवर्षे सुटत राहिले. वालधुनी आणि उल्हास यांच्या प्रदूषणाचे प्रकरण हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१८ मध्ये उल्हासनगरातल्या जीन्स धुलाईच्या कारखान्यांना टाळी लागली. हजारो हातांचे काम गेले. नदीचे नुकसान त्याच्या आधीच झाले होते. दोन्ही दुःखे खरी आहेत, आणि एकाचे नाव घेऊन दुसरे झाकता येणार नाही. पण ज्या मालावर गावाचे नावच नव्हते, त्याच्या रंगाने गावची नदी निळी झाली, तर गिऱ्हाइकाला त्याचे काय? नाव असते तर कोणी तरी विचारले असते. भाचा सध्या न धुतलेल्या, गडद कापडाचीच जीन्स शिवतो. ती फिकी करायचे काम घालणाऱ्याने वापरून वापरून करावे, असे तो गिऱ्हाइकाला सांगतो.

गावाचे नाव मालाला लागले की काय होते, हे सोलापूरने दाखवले आहे. महाराष्ट्रातून भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या पहिल्या वस्तूंपैकी सोलापुरी चादर आहे. आज बाहेर विणलेल्या चादरी सोलापुरी म्हणून खपवल्या जातात, तेव्हा सोलापूरकराला निदान बोट तरी दाखवता येते. पैठणीत पैठण आहे. आमच्या बदलापूरच्या जांभळालाही अलीकडे असे मानांकन मिळाले. नाही तर २०१५ साली 'बदलापूर' नावाचा हिंदी सिनेमा आला तेव्हापासून बाहेरची माणसे आमच्या गावाचे नाव ऐकून 'कुणाचा बदला?' असे विचारू लागली होती. आपल्या नावाचा अर्थ आपण सांगितला नाही, तर दुसरे कोणी तरी सांगते.

आणि कपड्यापुरते बोलायचे तर आपले नाव कधीच जगभर जाऊन बसले आहे. इंग्रजीत जाड्याभरड्या कापडाला आणि त्याच्या कामकरी पोशाखाला 'डंगरी' म्हणतात. तो शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेला, सतराव्या शतकात. फ्रान्समधल्या नीम शहरावरून डेनिम, इटलीतल्या जिनोआवरून जीन्स, तशी डोंगरीवरून डंगरी. खलाशांनी ते कापड अंगावर घातले आणि आपल्या एका वस्तीचे नाव त्यांच्या शब्दकोशात जाऊन बसले. तेव्हा त्यांना ते परके वाटले नाही. आपल्यालाच ते आपले वाटत नाही.

भाच्याचे नाव काय ठरले, हे तुम्ही विचाराल. अर्ज अजून तपासणीत आहे, म्हणून सांगत नाही. एवढेच सांगतो की ते दोन अक्षरी आहे, मराठी आहे, आणि लेबलावर आधी देवनागरीत, खाली इंग्रजीत आहे. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत 'बदलापूर गाव' असे विणले आहे. पहिल्या दोनशे नगांपैकी बरेचसे ओळखीपाळखीत गेले. काही अजून खोलीत पडून आहेत. तीन परत आल्या, त्यांतल्या दोन शिलाईसाठी. त्या त्याने शिवून दिल्या.

पुढच्या वेळी कपडा घ्याल तेव्हा ती दोन बोटांची पट्टी कापण्याआधी एकदा वाचा. तिच्यावर गाव लिहिले आहे का, ते पाहा. एखाद्या अनोळखी, आपल्याच जिल्ह्यातल्या नावाचा कपडा दिसला तर नावाला हसू नका. शिलाई उलटून पाहा, खिसा ओढून पाहा, आणि बरा वाटला तर घ्या. चांगला निघाला तर चार जणांना ते नाव सांगा. वाईट निघाला तर परत नेऊन द्या आणि ते नाव लावणाऱ्यालाच सांगा. त्याने नाव लावले आहे ते त्यासाठीच.